फ्लू शिकवताना कुलूप-किल्लीचं चित्र बंद करावं का?

जीवशास्त्रवाली, सोलापूर
बारावीला फ्लूचा विषाणू शिकवत होते. फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं: विषाणूवरचं हिमॅग्ल्युटिनिन हे काट्यासारखं प्रथिन ही किल्ली, पेशीवरची सायलिक ॲसिड ही साखर हे कुलूप. एका मुलीच्या घरी यंत्रमाग आहेत, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा असतो तसले. ती म्हणाली, "मॅडम, धोटा आपला आपण पळत नाही, काठीचा फटका बसतो तेव्हा पळतो. इथे फटका कोण मारतं?"

त्या क्षणी मला माझं चित्र खोटं वाटलं. हिमॅग्ल्युटिनिनची पकड मुळात कच्ची. असे शेकडो काटे एकदम धरतात म्हणून विषाणू टिकून राहतो. मग पेशी त्याला एका पिशवीत आत ओढते, तिथलं आम्ल वाढतं, पीएच पाच-साडेपाचला उतरतो आणि प्रथिन आपला आकारच मोडतं. आत दुमडलेला वळसा ताठ होऊन लांब दांडा बनतो, लपलेलं टोक सुमारे 10 नॅनोमीटर लांब फेकलं जातं आणि पिशवीच्या पटलात रुततं. अख्खा विषाणू जेमतेम 100 नॅनोमीटरचा, त्यात ही झेप! पुढे दांडा परत दुमडतो, विषाणूचं आणि पिशवीचं पटल एकमेकांत मिसळतं. विषाणू आत जातो तो या हालचालीमुळे. माझ्या मते कुलूप-किल्ली फळ्यावर काढूच नये.

दवाखान्यातून
मॅडम, मी असहमत. 2009 च्या स्वाइन फ्लूत रोज शंभर लोकांना समजावत होतो, तेव्हा हेच चित्र उपयोगी पडलं. पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहज का लागत नाही? सायलिक ॲसिड शेजारच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं; त्याची पकड 2,3 जोडणीवर, आपल्या घशा-नाकात मुख्यतः 2,6. कुलूपच वेगळं. आणि झानामिव्हिर हे फ्लूचं औषध न्यूरामिनिडेज या विषाणूवरच्या दुसऱ्या प्रथिनाच्या स्फटिकाचं स्थिर चित्र समोर ठेवूनच घडवलं गेलं.

पालक, विजापूर रोड
नीटला चार मार्कांचा प्रश्न. मुलांना जे विचारतात ते शिकवा, बाकीचं नंतर.

एम.फार्म करतोय
सर, औषधाचाच विषय निघाला म्हणून लिहितो. ओसेल्टामिव्हिर ही फ्लूची दुसरी गोळी बसायला न्यूरामिनिडेजमधल्या ग्लुटामेट या एका अमिनो आम्लाला वळून जागा करून द्यावी लागते. H275Y (275 व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं) हा बदल झाला की ते वळणं अडतं आणि गोळी लागू पडत नाही. 2008-09 मध्ये हंगामी फ्लूच्या H1N1 प्रकारात हाच बदल जगभर पसरला होता. एका अमिनो आम्लाची हालचाल थांबली, औषध गेलं. स्थिर चित्रात हे दिसलं असतं का?

दवाखान्यातून
उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या विषाणूंवर झानामिव्हिर चालतच राहिलं, कारण त्याला ते वळण लागत नाही. न हलणारा भाग नेमका धरला तर औषध टिकतं.

जीवशास्त्रवाली, सोलापूर
डॉक्टर, औषधापुरतं मान्य, हा मुद्दा मी वर्गात सांगेन. पण पक्ष्यांच्या फ्लूचं तुमचं उदाहरण अर्धंच आहे. 2012 साली फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावरचे H5N1 या पक्ष्यांच्या फ्लूचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यात पकड बदलणं पुरेसं ठरलं नाही. हवेतून पसरायला हिमॅग्ल्युटिनिन अधिक स्थिर करणारा बदलही लागला. प्रथिन फार सैल असेल तर ते पेशीबाहेरच उलगडतं, आणि एकदा उलगडलं की परत घडी होत नाही. फार घट्ट असेल तर आत उघडतच नाही. विषाणू या दोन्हींच्या मध्ये जगतो.

दवाखान्यातून
हे पटलं. तरी आधी कुलूप, मग धोटा, असा क्रम ठेवा. चित्र पुसायला माझा विरोध कायम.

जीवशास्त्रवाली, सोलापूर
क्रमातच गोची आहे. "किल्ली फिरली की विषाणू आत जातो" असं लिहिलेल्या किती उत्तरपत्रिका दरवर्षी तपासते मी! पहिलं चित्र एकदा बसलं की पुसता पुसत नाही. या वर्षी मी धोट्यापासून सुरू करणार आहे.