विमानदुरुस्तीतील 36 वर्षे: वडिलांना काय विचारावे?

प्रश्न (वाई, जि. सातारा)

माझे वडील इंडियन एअरलाइन्समध्ये तंत्रज्ञ म्हणून लागले, 2007 च्या विलीनीकरणानंतर एअर इंडियातून निवृत्त झाले आणि आता वाईला आमच्या जुन्या घरी राहतात. त्यांच्या 36 वर्षांतील कितीतरी रात्री मुंबईच्या हँगरमध्ये गेल्या. आम्ही शाळेला निघायचो तेव्हा ते घरी येऊन झोपायच्या तयारीत असत, त्यामुळे त्यांचे काम नेमके काय होते हे आम्हा भावंडांना आजही नीट ठाऊक नाही. आठवणी उतरवून घ्यायला वही घेऊन बसले, की "नटबोल्टच आवळले, त्यात लिहिण्यासारखे काय आहे?" एवढेच म्हणतात. काय विचारले तर ते बोलते होतील?

उत्तर (मिरज, निवृत्त विमान तंत्रज्ञ)

ताई, एकदम सगळ्या नोकरीविषयी विचारू नका, चाकांविषयी विचारा. 1989 पासून इंडियन एअरलाइन्सकडे आलेल्या एअरबस ए-320 विमानांना, आपल्याकडील धावपट्ट्यांवर भार विभागला जावा म्हणून, मुख्य लँडिंग गिअरच्या (धावपट्टीवर विमानाचा भार पेलणाऱ्या चाकांच्या सांगाड्याच्या) प्रत्येक पायाला चार चाके बसवून घेतली होती. इतर कंपन्यांच्या ए-320 ला तिथे दोनच असतात. ज्याने ती चाके बदलली आहेत तो या विषयावर गप्प बसणार नाही.

मग लॉकवायरबद्दल विचारा. बोल्टच्या डोक्यातील भोकातून तार ओवून, पीळ देऊन ती शेजारच्या बोल्टला अशी बांधायची, की बोल्ट सैल होऊ लागला तर तारेने त्याला आवळण्याच्याच दिशेला ओढावे. दिशा चुकली तर सगळी तार कापून पुन्हा बांधायची, मग पहाटेचे चार का वाजेनात. त्यानंतर वर्ककार्डावर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, आपली सही. ते विमान सकाळी भरून निघाले, की घरी जाताना ती सही मनात घोळत असे. माझ्या तर अजूनही घोळते.

1990 बद्दल मात्र जपून विचारा. 14 फेब्रुवारीला बंगळूरला ए-320 चा अपघात होऊन 92 जण गेले आणि पुढे काही महिने ही विमाने जमिनीवरच उभी होती. उभ्या विमानाचीही निगा राखावीच लागते. ते दिवस आम्हा सर्वांनाच जड गेले.

उत्तर (सांगली, माजी हवाई दल)

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा) होतो, मिग-21 या लढाऊ विमानांवर. आमच्याकडे काम संपल्यावर हत्यारे मोजली जात आणि एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नसत. वडिलांना हरवलेल्या हत्याराची गोष्ट विचारा. प्रत्येकाजवळ एक तरी असतेच. 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगढला मिग-21 चा निरोप समारंभ झाला, तो मी घरी टीव्हीसमोर उभा राहून पाहिला, बसवेना.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल जेवणानंतर चार चाकांविषयी विचारले, तर बाबा उठून परसातून बांधकामाची उरलेली तार आणि पक्कड घेऊन आले, फाटकाच्या बिजागरीचे दोन बोल्ट दाखवून तार कोणत्या बाजूने न्यायची ते समजावू लागले आणि माझा पीळ सैल पडला म्हणून त्यांनी तो दोनदा सोडायला लावला. अकरा पाने लिहून झाली आहेत. 1990 विषयी अजून विचारलेले नाही.