कोणत्या बिघडलेल्या फोटोनं तुम्हाला कॅमेरा शिकवला? खान्देशातल्या हौशी छायाचित्रकारांचे अनुभव

कॅमेरा हातात आला की आठ दिवसांत ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) पाठ होतं. ते कळायला मात्र एखादा बिघडलेला फोटो लागतो. तुमचा तसा फोटो कोणता? कुठं काढलात, आकडे काय होते, काय चुकलं आणि नंतर काय बदललंत ते सविस्तर लिहा. कॅमेरा केवढ्याचा आहे याला महत्त्व नाही. सुरुवात मी करतो.

माझा फोटो कापसाचा. नोव्हेंबर महिना, धरणगावकडचं मामांचं शेत, वेचणी चालू होती. सकाळचे दहा, ऊन स्वच्छ, बोंडं फुटून अख्खं वावर पांढरं झालेलं. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स, एफ ८ (हा ॲपर्चरचा आकडा, तो जितका मोठा तितकं भोक लहान), आयएसओ १००, शटर कॅमेऱ्यावर सोडलेलं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर कापूस मळकट, राखाडी. मामांनी पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा तर पावसात भिजलेला कापूस दिसतो. याला भाव कोण देईल?" मला ते फार लागलं. त्यांचा माल चांगला होता आणि मी तो खराब दाखवला होता.

कॅमेरा बिघडला असं समजून दोन दिवस काढले. मग वाचलं, पडताळलं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कापूस कळत नाही आणि म्हैसही कळत नाही. समोर जे काही असेल ते सरासरीनं मध्यम करडं असणार, असं धरून तो उजेड ठरवतो. चौकट भरून पांढरं आलं की त्याला वाटतं, उजेड जास्त झाला. मग तो कमी करतो. चौकट भरून म्हैस आली की उलट, तो उजेड वाढवतो आणि काळीभोर म्हैस धुरकट दिसते. पुढच्या रविवारी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरनं ठरवलेला उजेड आपण वाढवायची किंवा कमी करायची सोय, +१ वर (दुप्पट उजेड) ठेवलं, मग थोडं आणखी. कापूस पांढरा आला.

"पांढऱ्याला प्लस" हे सूत्र मी मनात पक्कं केलं आणि आमच्या जळगावच्या मेहरूण तलावावर परत फसलो. बगळा उभा होता, मी +१ तसंच ठेवलं. पिसं सगळी गेली, पक्ष्याच्या जागी कोरा कागद. चौकटीत बगळा जेमतेम दहावा हिस्सा, बाकी सगळं सावलीतलं काळसर पाणी. मीटरनं त्या पाण्याकडं बघून आधीच उजेड वाढवला होता आणि वरून मीही वाढवला. तिथं −१ हवं होतं. तेव्हापासून वस्तूचा रंग नंतर बघतो. चौकटीतली किती जागा कशानं व्यापली आहे ते आधी बघतो.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

आमच्या वेळी बिघडलेला फोटो पंधरा दिवसांनी कळायचा. छत्तीसचा रोल संपेपर्यंत धुवायला द्यायचा नाही. म्हणून खिशात वही असायची: फ्रेमचा नंबर, ॲपर्चर, शटर, वेळ, ऊन कसं होतं. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं मीटर बंद होतं, त्यामुळं आधार एकच. लख्ख ऊन असेल तर एफ १६ आणि शटर फिल्मच्या एएसएइतकं (एएसए म्हणजे तेव्हाचा आयएसओ). १०० ची फिल्म असेल तर १/१२५ सेकंद. ऊन थोडं मंद झालं की एफ ११, सावल्या पुसट झाल्या की एफ ८. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सूत्र मला दगा देत नाही. डिजिटल कॅमेऱ्यावरही मॅन्युअल मोडमध्ये एक पूर्ण दिवस असं काढून बघा, ऊन मोजायला डोळा शिकतो.

प्रकाश मात्र मला चाळीसगावात कळला. छायाचित्रकार केकी मूस यांचं घर स्टेशनपासून जवळ आहे. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून गेलो. हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर फारसा पडला नाही, १९८९ साली गेला, आणि टेबलावर मांडणी करून त्यानं अशी दृश्यं उभी केली की ती बाहेर जाऊन काढली आहेत असंच वाटावं. ते टेबलावरचं आहे हे कळल्यावर मी मागं फिरून प्रत्येक फोटोत सावली कुठं पडली आहे तेवढंच बघत बसलो. गाडी चुकली.

घरी येऊन एक तांब्या, काळी घोंगडी आणि टेबललॅम्प घेतला. दिवा समोर ठेवला तर तांब्या चपटा दिसतो. बाजूला नेला की गोलाई येते. मागून तिरका लावला की काठावर उजेडाची एक रेघ उमटते. आणखी एक गोष्ट वहीत लिहिलेली आहे. दिवा एका फुटावरून दोन फुटांवर नेला तर उजेड अर्धा होत नाही, चौथाई होतो. १/६० चं शटर सरळ १/१५ वर आणावं लागतं. महिनाभर रोज रात्री तोच तांब्या काढला.

वरणगाव

जळगावच्या सरांचा बगळा वाचला, म्हणून हतनूर धरणाची गोष्ट लिहितो.

दोन वर्षं पैसे साठवून १५०-६०० ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेतली. फेब्रुवारीत सकाळी अकराच्या सुमारास धरणाच्या पाण्यावर चक्रवाकांची जोडी होती, दीड-दोनशे मीटरवर. ट्रायपॉड, १/२०००, एफ ८, आयएसओ ४००. यात चूक कुठं काढणार? तरी एकाही फोटोत डोळा स्पष्ट नाही, पिसांना कड नाही. साठ-सत्तर फोटो, सगळे मऊ. मन इतकं खट्टू झालं की आठवडाभर लेन्स पिशवीतून काढली नाही.

मग तिची परीक्षा घेतली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, दहा मीटरवरून फोटो काढला, तर छोट्या जाहिरातींची अक्षरंसुद्धा लख्ख. म्हणजे लेन्स निर्दोष. पुन्हा हतनूरला गेलो आणि पडद्यावर पलीकडचा काठ दहापट मोठा करून नुसता बघत राहिलो. काठ हलत होता. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांब पाणी चमकल्यासारखं दिसतं ना, तीच हवा. तापलेली हवा थरथरते आणि फोटो तिच्यातूनच येतो. शटर कितीही वेगवान ठेवा, वाकडा झालेला प्रकाश सरळ होत नाही. जितकं अंतर जास्त तितका त्रास जास्त, म्हणून लांब लेन्सवाल्यांनाच तो जास्त दिसतो.

आता उजाडायच्या आत काठावर जाऊन बसतो. पक्ष्यांच्या मागं फिरत नाही. एका जागी खाली बसून राहिलं की तेच हळूहळू जवळ येतात. चाळीस मीटरवरून, सकाळी सातला काढलेला फोटो त्याच लेन्सचा आहे हे मित्रांना खरं वाटत नाही. साडेनऊनंतर दूरचे फोटो काढतच नाही. गाडीच्या खिडकीतून काढणाऱ्यांनी एसी बंद करून काच आधीच खाली घ्यावी. आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच एकमेकींत मिसळते आणि तिथंही हेच होतं.

नंदुरबार

माझे वडील मिरचीच्या व्यापाऱ्याकडं दिवाणजी होते, त्यामुळं मिरच्या वाळत घालायच्या पथाऱ्या लहानपणापासून पाहिलेल्या. सेकंडहँड डीएसएलआर घेतल्यावर पहिले फोटो तिथलेच. आणि काय आलं? लाल रंगाचा सपाट पट्टा. एकही मिरची सुटी दिसेना, सुरकुती नाही, देठाखालची सावली नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडं गडद, उजवीकडं उजळ) पाहिला तर उजवीकडं जागा रिकामी, म्हणजे उजेड जास्त झालेला नव्हता. मग रंग कुठं गेला?

बऱ्याच दिवसांनी मेनूत तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दाखवायची सोय सापडली. हिरवा आणि निळा डावीकडं दबलेले, लाल मात्र उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला. एकत्र आलेखात हे झाकलं जात होतं. रंग भडक करणारी व्हिव्हिड स्टाईल बंद केली, −१ वर आणलं, रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलं, आणि दुपारऐवजी सकाळचं तिरकं ऊन घेतलं. मिरची मिरचीसारखी दिसली.

एक सांगायचंच आहे. पथारीवर काम करणाऱ्या बाया तोंडाला फडकं बांधून दिवसभर मिरचीच्या त्या तिखट धुळीत असतात. आपण पाच मिनिटांत खोकून बाहेर येतो. त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका, आणि फोटो काढलात तर छापून नेऊन द्या. मी दिलेला एक फोटो एका मावशींनी घरात देवाशेजारी लावलाय.

धुळे

सारंगखेड्याची यात्रा, दत्तजयंती. घोडे पळवून दाखवत होते. १/१००० वर काढलं, सगळं सुस्पष्ट, आणि घोडा पुतळ्यासारखा उभा. धूळसुद्धा थिजलेली. दुसऱ्या दिवशी शटर १/३० वर आणलं, ऑटोफोकस सतत पाठलाग करणारा ठेवला, पाय रोवून कमरेतून घोड्याबरोबर वळत गेलो. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही, हे महत्त्वाचं. शंभरात चार आले. त्या चारांत घोडा धावतोय.

धडगाव, शिक्षक

मी आयएसओला घाबरायचो. ८०० च्या वर गेलं की दाणे येतात, असं कुणीतरी डोक्यात भरलं होतं. काठी गावच्या राजवाडी होळीला पहिल्यांदा गेलो तेव्हा आयएसओ ८००, एफ ४, शटर १/१०. होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर नाच चाललेला. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, सगळं अंग हलतंय, आणि माझ्या फोटोत नुसते रंगांचे फराटे. शेजारचा एक जण फ्लॅश मारत होता. त्याच्या फोटोत माणसं स्पष्ट होती, पण आगीचा तांबूस उजेड नाहीसा झाला होता. शिवाय व्रत पाळून नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत फ्लॅश मारणं मला पटत नाही.

पुढच्या वर्षी ५० एमएमची एफ १.८ लेन्स, आयएसओ ६४००, १/२५०. दाणे आले, येऊ देत. छापल्यावर ते दिसेनासे होतात. हललेला चेहरा छापला तरी हललेलाच राहतो.

रावेर

माझ्याकडं कॅमेरा नाही, मोबाईल आहे. केळीच्या बागेत सावली गडद आणि पानांमधून येणारं ऊन प्रखर, त्यामुळं घड तरी काळा यायचा नाही तर पान तरी जळायचं. पडद्यावर उजळ पानावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, मग सूर्याच्या खुणेवरून बोट खाली ओढायचं. सावल्या नंतर एडिटिंगमध्ये उचलता येतात. जळलेलं पान परत येत नाही. माझ्या प्रो मोडमध्ये ॲपर्चर बदलता येत नाही, फक्त शटर आणि आयएसओ. भुसावळच्या काकांचा तांब्याचा प्रयोग कालच मोबाईलवर केला, जमला.

अमळनेर

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याकडं खापरावरचे मांडे होतात. सासूबाई पुरण भरलेला गोळा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करतात आणि उपड्या खापरावर टाकतात. गेल्या वर्षी ठरवलं की हे टिपायचंच. पहिल्या फोटोत त्यांचा अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा, वर भिंत हिरवट. खिडकीचा उजेड, चुलीचा उजेड, ट्यूबलाइट, तिन्हींचा रंग वेगळा. कोणतंही व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरं पांढरंच ठेवणारी सेटिंग) तिघांना एकदम सांभाळू शकत नाही. ट्यूब बंद केली, तेवढ्यानं निम्मं काम झालं. खिडकीचा गार उजेड आणि चुलीची ऊब एकमेकांना शोभतात.

मग हात. १/६० ला बोटं पुसली जात होती, १/३२० आणि आयएसओ ३२०० वर थांबली. तरी फोटोत काहीतरी कमी वाटत होतं. मी सारखा फोकस त्यांच्या डोळ्यांवर धरत होते, कारण डोळ्यांवरच धरावा असं शिकले होते. सासूबाई वैतागून म्हणाल्या, "मना फोटू काय काढस, मांडा देख."

मी दोन पावलं बाजूला सरकले, खिडकी त्यांच्या पाठीशी घेतली आणि फोकस मांड्याच्या कडेवर ठेवला. पीठ इतकं पातळ झालं होतं की त्यातून खिडकीचे गज दिसत होते.