मदत हवी आहे : टेनिस रॅकेटचे गटिंग हाताला सोसेल आणि टिकेलही, असे कसे निवडावे?

धागाकर्ती

मी पुण्यात राहते आणि गेली काही वर्षे सकाळी मातीच्या कोर्टवर टेनिस खेळते. आठवड्यातील बहुतेक दिवस खेळ होतो; त्यात दुहेरी जास्त, एकेरी कमी. वय पंचेचाळिशीच्या आसपास आहे. फोरहँडवर टॉपस्पिन बऱ्यापैकी मारते, बॅकहँड मात्र एकहाती आहे. रॅकेट १०० चौरस इंचांची, १६×१९ पॅटर्नची (१६ उभे, १९ आडवे धागे), गटिंगशिवाय ३०० ग्रॅम वजनाची असून तिची चौकट बरीच कडक आहे. या रॅकेटवर कोणते गटिंग करावे, म्हणजे जाळीत कोणते धागे (स्ट्रिंग) घालावेत, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आतापर्यंत दोन टोकांचे अनुभव घेऊन झाले आहेत. आधी मी १.३० मिमी जाडीची मल्टिफिलामेंट (शेकडो बारीक तंतूंची) स्ट्रिंग ५४ पाउंडच्या ताणावर, म्हणजे टेन्शनवर, घालत असे. तिचा स्पर्श मला फार आवडतो; व्हॉलीच्या वेळी चेंडू रॅकेटवर क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि हाताला धक्का जाणवत नाही. परंतु काही दिवसांतच मधल्या भागातील उभ्या स्ट्रिंगवर तंतू सुटू लागतात, कापसासारखी लव दिसते आणि महिना पुरा होण्याच्या आत गट तुटतो. मल्टिफिलामेंट स्वस्त नाही, आणि दर वेळी गटिंगची मजुरी वेगळी.

म्हणून क्लबमधील एका तरुण खेळाडूच्या सांगण्यावरून १.२५ मिमीचे पॉलिएस्टर ५० पाउंडवर घालून पाहिले. ते तुटत नाही, हे खरे आहे. सुरुवातीचे काही दिवस फिरकीही उत्तम मिळाली. पुढे मात्र चेंडू कधी बेसलाइनच्या बाहेर जाऊ लागला, तर कधी नेटमध्ये अडकू लागला आणि रॅकेट हातात फळीसारखी लागू लागली. त्याहून काळजीची गोष्ट अशी की, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखरेपणा आला असून सकाळी दुधाचे भरलेले पातेले उचलताना कळ जाते. गट शाबूत असताना तो कापून टाकायचा, हे माझ्या मध्यमवर्गीय मनाला पटत नाही. पण तसाच ठेवला तर खेळ आणि कोपर दोन्ही बिघडणार, असे दिसते.

वाचनातून एवढे समजले आहे की दोन प्रकारच्या स्ट्रिंग एकत्र घालून हायब्रिड करता येते. रॉजर फेडरर मेनमध्ये, म्हणजे उभ्या बाजूला, नॅचरल गट (आतड्यापासून बनवलेला धागा) आणि क्रॉसमध्ये, म्हणजे आडव्या बाजूला, पॉलिएस्टर वापरत असे. माझ्या क्लबमधील मंडळी मात्र नेमके उलट करतात. माझ्यासारखीने मेनमध्ये काय घालावे? जाडी वाढवून टिकाऊपणात खरोखर किती फरक पडतो? आणि पॉलिएस्टर न तुटताच निकामी झाले आहे, हे नेमके कशावरून ओळखावे?

पहिला प्रतिसाद

मी स्वतःच्या व मित्रांच्या रॅकेटचे गटिंग घरीच करतो. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

टिकाऊपणा या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतो. स्ट्रिंग किती दिवसांनी तुटते ही एक गोष्ट, आणि ती किती दिवस चांगली खेळते ही दुसरी. नायलॉनच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे सिंथेटिक गट आणि मल्टिफिलामेंट या दोन्हींत, ही दोन आयुष्ये बरीचशी बरोबरीने संपतात. टेन्शन हळूहळू उतरत जाते आणि खेळ फारसा बिघडण्याआधीच स्ट्रिंग तुटून स्वतःच सुट्टी घेते. पॉलिएस्टरचे तसे नाही. त्याचे टेन्शन पहिल्या दिवसापासूनच झपाट्याने उतरते, लवचीकपणा काही तासांच्या खेळातच कमी होतो, पण धागा कठीण असल्याने तो तुटायला तयार नसतो. म्हणून पाकिटावरचा ‘ड्युरेबल’ हा शब्द वाचताना तो तुटण्याबद्दल आहे की खेळण्याबद्दल, हे विचारून पाहावे. व्यावसायिक खेळाडूंना हा प्रश्न पडत नाही, कारण ते प्रत्येक सामन्यासाठी ताजे गटिंग करून घेतात आणि कित्येक जण नवे चेंडू आले की रॅकेटही बदलतात. १९९७ साली ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने लक्सिलॉन कंपनीचे पॉलिएस्टर वापरून फ्रेंच ओपन जिंकली आणि पुढे सारे जग त्या वाटेने गेले. पण त्या वाटेवरचा गटिंगचा खर्च आपल्यासाठी कोणी उचलत नाही.

आता तुटण्याचे कारण. टॉपस्पिन मारताना उभ्या स्ट्रिंग बाजूला सरकतात आणि चेंडू सुटण्याच्या आत परत जागेवर येतात. पॉलिएस्टरचा पृष्ठभाग गुळगुळीत व कठीण असल्याने ही ये-जा सहज होते, आणि तिच्यातूनच जादा फिरकी मिळते. नायलॉनमध्ये घर्षण जास्त असते. उभी स्ट्रिंग आडवीवर करवतीसारखी घासत राहते, तिला खाच पडते आणि खाच खोल झाली की ती तुटते. १६×१९ हा मोकळा पॅटर्न असल्याने त्यात स्ट्रिंग अधिक हलतात. त्यात मातीच्या कोर्टवरचे बारीक कण चेंडूबरोबर येऊन त्या सांध्यांत बसतात आणि पॉलिश पेपरचे काम करतात. तुमचे मल्टिफिलामेंट लवकर तुटते यात म्हणूनच काही नवल नाही. स्पर्शाच्या बाबतीत ती स्ट्रिंग उत्तम असली, तरी घर्षण सोसण्यात ती सर्वांत नाजूक असते, कारण आतील शेकडो बारीक तंतूंचे संरक्षण फक्त वरचा पातळ लेप करत असतो.

जाडीचा हिशेब साधा आहे. १.२५ मिमीऐवजी १.३५ मिमी घेतल्यास छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे घासून जायला तेवढा जास्त माल मिळतो. १.३० ऐवजी १.३५ घेतल्यास ही वाढ ८ टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे केवळ जाडी वाढवून तुमचा महिना दोन महिन्यांवर जाणार नाही, आणि जाड स्ट्रिंगचा स्पर्श काहीसा बोथट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

कोपर दुखत असेपर्यंत मेनमध्ये पॉलिएस्टर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पर्श आणि धक्का या दोन्हींवर मेनचा प्रभाव क्रॉसपेक्षा जास्त असतो. सध्या पूर्ण रॅकेटवर १.३० मिमीचे साधे सिंथेटिक गट ५२ पाउंडवर घालावे. प्रिन्सचे ड्युराफ्लेक्स किंवा गोसेनचे ओजी शीप मायक्रो ही या वर्गातील जुनी, खात्रीची नावे आहेत. एकच जाड गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेले तंतू अशी त्यांची रचना असल्याने ती मल्टिफिलामेंटपेक्षा घर्षण अधिक सोसतात आणि किमतीलाही बरीच स्वस्त पडतात. २०० मीटरचे रीळ घेतल्यास, एका रॅकेटला १२ मीटर धरून, सोळा गटिंग निघतात. क्लबमधील दोघी-तिघींनी मिळून रीळ घेणे सोयीचे ठरेल.

आपली स्ट्रिंग नेमकी कुठे तुटते आणि गटिंग कोणत्या प्रकारच्या मशीनवर होते, हे कळले तर अधिक नेमके सांगता येईल.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, तरी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. कोपराच्या दुखण्याचा सारा दोष पॉलिएस्टरवर टाकणे मला योग्य वाटत नाही. धागाकर्तीने स्वतःच लिहिले आहे की सुरुवातीचे काही दिवस सारे उत्तम होते. म्हणजे त्रास झाला तो निकामी झालेल्या पॉलिएस्टरचा. मीही मोकळ्या पॅटर्नच्या रॅकेटवर खेळतो. मेनमध्ये १.२५ मिमीचे मऊ जातीचे पॉलिएस्टर ४६ पाउंडवर आणि क्रॉसमध्ये सिंथेटिक गट ४९ पाउंडवर घालतो, आणि गट तुटो वा न तुटो, ठरल्या वेळी कापून टाकतो. हात कधी कुरकुरला नाही. मेनमध्ये सिंथेटिक गट घातले तर टॉपस्पिन मारणाऱ्या खेळाडूला फिरकी कमी मिळते, मग ती भरून काढण्यासाठी तो रॅकेट अधिक जोराने फिरवतो. त्याचाही ताण कोपरावर येतोच.

निकामी झालेले पॉलिएस्टर ओळखण्याची खूण अशी. खेळ थांबल्यावर उभ्या स्ट्रिंगकडे पाहावे. ताज्या गटिंगमध्ये त्या आपोआप सरळ रेषेत परत आलेल्या असतात. त्या वाकड्याच राहू लागल्या आणि दर गुणानंतर बोटांनी सरळ कराव्या लागल्या, तर समजावे की त्या गटिंगचे दिवस भरले. नायलॉनच्या स्ट्रिंग पहिल्या दिवसापासूनच जागा सोडतात, म्हणून ही खूण त्यांना लावू नये.

चौकटीचा कडकपणाही विचारात घ्यावा. रॅकेटच्या माहितीत ‘आरए’ असा आकडा दिलेला असतो. तो ७० च्या जवळ असेल तर चौकट कडक, आणि ६० च्या जवळ वा खाली असेल तर बरीच लवचीक. काही वेळा स्ट्रिंगपेक्षा रॅकेट बदलणे हाच खरा उपाय असतो, अर्थात तो खर्चिक आहे. दांडीजवळ लावायच्या रबरी डँपरवर मात्र भरवसा ठेवू नये. त्याने स्ट्रिंगचा आवाज बदलतो, कोपराचा भार हलका होत नाही.

धागाकर्ती

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. विचारलेली माहिती देते. स्ट्रिंग बहुतेक वेळा मध्यापासून थोडी वर, मधल्या चार-सहा उभ्या स्ट्रिंगपैकी एखादीवर तुटते. एकदाच ती चौकटीला अगदी लागून तुटली होती. गटिंग हाताने फिरवायच्या क्रँकच्या मशीनवर होते. रॅकेटचा ‘आरए’ ७१ आहे.

आणखी एक शंका आहे. नॅचरल गटाचे टेन्शन फार काळ टिकते आणि तो कोपराला सर्वांत सौम्य असतो, असे सगळीकडे वाचायला मिळते. एकदा मोठा खर्च करून मेनमध्ये तोच घातला तर हिशेब बसेल का?

पहिला प्रतिसाद देणारे

मध्याच्या वर तुटणे हे निव्वळ घर्षणाचे लक्षण आहे. तुमचा टॉपस्पिनचा फटका तिथेच बसतो. चौकटीला लागून तुटली, तेव्हा मात्र ग्रोमेट, म्हणजे चौकटीच्या भोकांतील प्लास्टिकच्या नळ्या, तपासून घ्यायला हव्या होत्या. त्या झिजल्या वा चिरल्या की कडेची धार स्ट्रिंगला कापते, आणि अशा वेळी कितीही महाग स्ट्रिंग घातली तरी ती तिथेच तुटते. क्रँकचे मशीन ठरलेल्या पाउंडापर्यंत ओढून तिथेच कुलूप लावते. इलेक्ट्रॉनिक मशीन स्ट्रिंग सैल पडू लागली की पुन्हा ओढत राहते. त्यामुळे तोच आकडा सांगितला तरी क्रँकवरचे गटिंग थोडे सैल येते. दोन दुकानांचे पाउंड म्हणूनच ताडून पाहू नयेत. एकाच ठिकाणी गटिंग करून घ्यावे आणि तिथला आपला आकडा ठरवावा.

नॅचरल गटाबद्दल जे वाचले ते खरे आहे. फ्रान्समधील ल्योंच्या बाबोला कंपनीने १८७५ सालापासून तो टेनिससाठी बनवला आणि टेन्शन धरून ठेवण्यात आजही त्याची बरोबरी कोणी केलेली नाही. पण तो ओलाव्याने फुगतो आणि त्याचे तंतू सुटतात. पुण्याच्या पावसाळी हवेत आणि ओल्या मातीने माखलेल्या चेंडूंपुढे त्याचा निभाव लागणे अवघड आहे. तो गायीच्या आतड्यापासून बनतो, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडे काही जण त्याच कारणाने तो घालत नाहीत. घालायचाच असेल तर हिवाळ्यात घालावा, क्रॉसमध्ये गुळगुळीत, गोल छेदाचे पॉलिएस्टर घ्यावे आणि कोनदार छेदाचे अजिबात घेऊ नये, कारण त्याच्या धारा मेनला खातात.

दुसऱ्या प्रतिसादातील हायब्रिड वाईट आहे असे मी म्हणत नाही. दुखऱ्या कोपराने आणि ७१ आरएच्या चौकटीवर त्याची सुरुवात करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. एकहाती बॅकहँडमध्ये चेंडू उशिरा घेतला की मनगटाच्या स्नायूंवर जो भार येतो, तो थेट कोपराच्या त्याच दुखऱ्या जागी पोहोचतो. दुखणे लांबले तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. ते काम गटिंगवर सोडू नये.

धागाकर्ती

हे पटले. आता पॉलिएस्टर कापून टाकते आणि ग्रोमेट तपासून १.३० मिमीचे सिंथेटिक गट ५२ पाउंडवर घालून घेते. कोपर पूर्ण बरे झाल्यावर दुसऱ्या प्रतिसादातील हायब्रिड, तेही ठरल्या तारखेला कापायच्या तयारीने, करून पाहीन. क्लबमध्ये काही जण स्ट्रिंग सेव्हर लावतात. सिंथेटिक गटावर त्यांचा उपयोग होईल का?

दुसरा प्रतिसाद देणारे

होईल. उभी व आडवी स्ट्रिंग जिथे एकमेकींना छेदतात तिथे हे प्लास्टिकचे छोटे तुकडे बसवतात, म्हणजे घासणे त्या तुकड्यावर होते. पूर्ण रॅकेट भरू नये. तुमची स्ट्रिंग जिथे तुटते तेवढ्याच मधल्या वरच्या भागात दहा-बारा पुरेत. गटिंग ताजे असतानाच बसवावेत, खाच पडल्यावर लावून फायदा होत नाही. स्पर्श किंचित घट्ट वाटेल, म्हणून ५२ ऐवजी ५१ पाउंड सांगितले तरी चालेल. पॉलिएस्टर हायब्रिडकडे वळाल तेव्हा मात्र ते काढून टाकावेत, कारण स्ट्रिंग सरकणेच थांबवले तर पॉलिएस्टर घालण्यात अर्थ उरत नाही.