आईनं माळ उतरवून ठेवलीय, काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, घर पहिल्यापासून माळकरी. मागच्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला आणि दिवसकार्य झाल्यावर आईनं गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात विठोबाच्या पायाशी ठेवली, ती अजून तिथंच आहे. दिवा लावते, हात मात्र जोडत नाही. "त्याच्यावर भरवसा ठेवू कसा, सांग" असं विचारते आणि खरं सांगतो मला उत्तर येत नाही, माझा विश्वास आहे तरी.

सिद्धेश्वराला नेलं, तळ्यापाशी थांबून परत फिरली. ओळखीचे कीर्तनकार घरी आले, त्यांनी तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेल्याचं सांगितलं, तेवढं तिनं नीट ऐकलं. पण नातेवाईक "देवाची मर्जी" म्हणतात तेव्हा उठून आत जाते (कृपा करून कुणालाच असं म्हणू नका). डॉक्टरांना दाखवलंय, जेवणझोप ठीक आहे. गुडघ्यांमुळं पायी वारी शक्य नाही, पंढरपूर गाडीनं दीड-दोन तासांवर आहे पण नको म्हणते, जबरदस्ती मला करायची नाही.

तिच्या गुरुमहाराजांकडूनच माळ घातली होती, ते आता हयात नाहीत. उद्या तिला स्वतःहून वाटलं तर माळ परत कुणाच्या हातून घालायची, का तिची तिनं घातली तरी चालतं? आणि लेकरू गेलेल्या आयांशी मराठीत बोलत बसणारं कुणी सोलापुरात माहितीय का?