ओआस गावात सगळ्यांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. ही सारी एकच भावकी समजावी का?

तासगावकर

सर्वांना नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार आहे. माझी मुलगी फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेत आहे. गेल्या गणेशोत्सवात तिची एक मैत्रीण आमच्याकडे तासगावचा रथोत्सव पाहायला आली होती. ती मुलगी लुझोन बेटावरच्या आल्बाय प्रांतातल्या ओआस गावची आहे. रात्री जेवणे झाल्यावर तिने फोनमध्ये तिच्या शाळेच्या वर्गाचा जुना फोटो दाखवला आणि एकेकाचे नाव सांगितले, तेव्हा माझ्या आईच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक आडनाव र या अक्षराने सुरू होते आहे. मुलगी म्हणाली की त्यांच्या गावात असेच आहे, रोमन लिपीतल्या 'आर'खेरीज दुसऱ्या अक्षराचे आडनाव आढळले तर तो माणूस किंवा त्याचे पूर्वज बाहेरून आलेले असावेत असे लोक समजतात.

आईने सरळ विचारले, "म्हणजे तुम्ही सगळे एकाच भावकीतले का? मग तुमच्यात सोयरिकी कशा होतात?" त्यावर ती मुलगी गोंधळली. तिला तिचे काके, माम्या, चुलत भावंडे सगळी ठाऊक होती, परंतु गावातल्या इतर 'आर'वाल्यांशी आपले नाते आहे की नाही हे तिला सांगता येईना. मग तिने उलट विचारले की तुमच्या जिल्ह्यात इतके पाटील आहेत, ते सगळे तुमचे नातेवाईक आहेत का? माझे स्वतःचे आडनाव पाटील आहे, आणि मलाही लगेच नीट उत्तर देता आले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. ओआससारख्या गावात एका अक्षराची आडनावे कशामुळे आली? आणि तिथे आडनावावरून कूळ कळत नसेल, तर मूळ शोधायचे असल्यास माणसाने कुठे पाहावे? त्या मुलीला मी उत्तर पाठवीन असा शब्द दिला आहे, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अजिंक्यतारा

तासगावकर, आपल्या मातोश्रींनी विचारलेला प्रश्न अगदी नेमका आहे. मी साताऱ्यात बरीच वर्षे इतिहास शिकवला आणि वसाहतींच्या राज्यकारभाराचा विषय मला जवळचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

फिलिपिन्सवर 1565 पासून 1898 पर्यंत स्पेनची सत्ता होती. या काळात तिथले लोक ख्रिस्ती झाले आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना संतांची नावे मिळाली, पण बापाकडून मुलाकडे चालत जाणारे आडनाव बहुतेकांना नव्हतेच. कुणी संताचे नाव आडनाव म्हणून लावी, कुणी दे ला क्रूझ, म्हणजे 'क्रुसाचा', असे लावी, आणि एकाच घरातले सख्खे भाऊ वेगवेगळी आडनावे लावीत. त्यामुळे हजारो माणसे एकाच नावाची झाली. पट्टी वसूल करणाऱ्याला, न्यायाधीशाला आणि लग्न लावणाऱ्या पाद्र्यालाही कोण कुणाचा हे कळेना. लग्नाच्या बाबतीत तर वधूवरांचे जवळचे रक्ताचे नाते नाही ना हे पाहणे चर्चला बंधनकारक होते, आणि त्यासाठी घराण्याची ओळख असणे आवश्यक होते.

यावर उपाय म्हणून गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया याने 21 नोव्हेंबर 1849 रोजी एक आज्ञा काढली. आडनावांची वर्णानुक्रमाने लावलेली एक मोठी यादी तयार करण्यात आली. तिच्यात सुमारे 61,000 शब्द होते. स्पॅनिश आडनावे त्यात होतीच, शिवाय स्थानिक भाषांतले शब्द होते, झाडांची आणि खनिजांची नावे होती, भूगोलातले आणि कलाकौशल्यातले शब्दही होते. ही यादी प्रांताप्रांतांना वाटण्यात आली, प्रांतप्रमुखांनी ती गावागावांना वाटली, आणि गावात पाद्री व गावप्रमुख यांच्यासमोर प्रत्येक कुटुंबाच्या कर्त्या माणसाने आपल्या वाट्याला आलेल्या पानांतून एक आडनाव निवडले. तेच पुढे मुलाबाळांना लागले.

आल्बाय प्रांतात ही वाटणी फारच पद्धतशीर झाली असावी, कारण तिचा माग आजही नकाशावर काढता येतो. प्रांताच्या मुख्य ठिकाणी 'ए' पासून सुरुवात झाली, ताबाकोपासून तिवीपर्यंतच्या किनाऱ्यावर 'बी' आले, सोर्सोगोनच्या किनाऱ्याने पुढची अक्षरे गेली, दारागापासून आतल्या खोऱ्यात 'एम' सुरू झाले, ओआसला 'आर' मिळाले, तिथून पुढे पोलांगी आणि लिबोनच्या बाजूला 'एस', आणि उरलेली शेवटची अक्षरे समुद्रापलीकडच्या कातांदुआनेस बेटावर संपली. सोर्सोगोन आणि कातांदुआनेस त्या वेळी आल्बायमध्येच होते. त्यामुळे पुष्कळ वर्षे त्या भागात माणसाचे आडनाव ऐकून त्याचे गाव सांगता येत असे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ओआसमधले 'आर' हे त्या गावाच्या वाट्याला यादीची कोणती पाने आली याची खूण आहे, कुळाची नव्हे. शेजारी राहणाऱ्या, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन कुटुंबांनी एकाच पानावरची दोन आडनावे उचलली असतील. उलट एकाच आजोबाची नातवंडे दोन गावांत विभागलेली असतील, तर त्यांना दोन वेगळ्या अक्षरांची आडनावे मिळाली असतील. म्हणून सोयरीक जुळवताना त्या अक्षराचा काहीच अडसर येत नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि 1849 मध्ये तिकडे ही आज्ञा निघाली. जवळजवळ एकाच वेळी दोन परकी सरकारे माणसे मोजायला आणि नोंदवायला निघाली होती. आपल्याकडे कुणी आडनावांची यादी वाटली नाही. जे लोकांच्या तोंडी होते तेच मोजणीच्या कागदांत आणि शाळेच्या दाखल्यांत लिहिले गेले, आणि पुढे तेच पक्के झाले.

माणदेशी

माहितीबद्दल आभार. माझी एक शंका आहे. तिथल्या पुष्कळ लोकांची नावे गार्सिया, रेयेस, सांतोस अशी असतात. ते सगळे स्पॅनिश वंशाचे आहेत असे माझ्या ऐकण्यात होते. ते चूक आहे का? आणि सगळ्यांनीच जुनी नावे टाकली का?

अजिंक्यतारा

हो, ते चूक आहे. स्पॅनिश आडनाव ही यादीतून आलेली किंवा बाप्तिस्म्यातून आलेली गोष्ट असू शकते, त्यावरून रक्त कळत नाही. जुनी नावे मात्र सगळ्यांची गेली नाहीत. ज्या घराण्याने आपले आडनाव चार पिढ्या चालवल्याचे दाखवले त्यांना ते ठेवण्याची मुभा होती, आणि मनिलाच्या जुन्या राजघराण्यातल्या लाकान्दुलासारखी नावे टिकली. तागालोग या तिथल्या भाषेत 'दि' म्हणजे 'न', त्यामुळे बातांगास भागात आढळणारे दिमायुगा म्हणजे न हलणारा आणि दिमाकुलांगान म्हणजे ज्यात उणे करता येत नाही असा. ही आडनावे वाचली की माझे मन भरून येते, कारण कुणीतरी आपल्या भाषेतला अभिमान त्या नोंदवहीतून पार करून आणला आहे.

फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे एक पूर्वज चीनहून आलेले व्यापारी होते आणि घराण्याने मेर्कादो, म्हणजे बाजार, हे आडनाव घेतले होते. रिझाल हे नाव घराण्याला या आज्ञेनंतर जोडले गेले. 1872 मध्ये तीन पाद्र्यांना देहदंड झाला, त्यांतल्या बुर्गोस यांच्याशी होसे यांचे थोरले भाऊ पासियानो यांचा निकटचा संबंध होता. सरकारची नजर आपल्यावर पडू नये म्हणून धाकट्याला शाळेत मेर्कादोऐवजी रिझाल या नावाने घालण्यात आले, आणि ज्या नावाने लपायचे होते तेच नाव पुढे देशभर झाले.

माहुली

मी मूळची साताऱ्याची असून आखातातल्या एका रुग्णालयात अकरा वर्षे परिचारिका होते. आमच्या वॉर्डात निम्म्याहून अधिक मुली फिलिपिन्सच्या होत्या, म्हणून तासगावकरांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहावेसे वाटले.

तिकडे नाव लिहिण्याची रीत अशी आहे की आधी स्वतःचे नाव, मग आईचे माहेरचे आडनाव, आणि शेवटी वडिलांचे आडनाव. आपल्या नावात मधे वडिलांचे नाव येते, त्यांच्या नावात त्या जागी आईचे कूळ बसते. स्पॅनिश काळात वडिलांचे आडनाव आधी आणि आईचे नंतर लिहीत, स्पेननंतर आलेल्या अमेरिकी राजवटीत हा क्रम उलटला. लग्न झाल्यावर मुलगी नवऱ्याचे आडनाव शेवटी लावते, आणि तिचे माहेरचे आडनाव सरकून मधे येते. म्हणजे तिच्या वडिलांचे घर तिच्या सहीतून कधीच पुसले जात नाही.

हे मला कळले त्या रात्री मी माझ्या आजीच्या माहेरचे आडनाव आठवू लागले. मला ते आठवले. पण आजीच्या आईचे माहेर कोणाचे होते हे मलाच काय, घरात कुणालाच सांगता आले नाही. आपल्या वंशावळीत बायकांच्या जागी नुसते 'पत्नी' असते किंवा तेही नसते. ओआसच्या त्या मुलीला तिची आजी, पणजी यांची आडनावे विचारा. 'आर' सोडून वेगळे अक्षर आले की ती बाई कोणत्या गावाहून त्या घरात आली असावी याचा माग लागेल.

आणखी एक खूण म्हणजे कोहुआंकोसारखी 'को'ने संपणारी आडनावे. चिनी होक्कियन बोलीत 'को' म्हणजे थोरला भाऊ, आपण दादा म्हणतो तसे. अशा नावात एखाद्या चिनी पूर्वजाचे नाव आणि त्याच्यामागे लावलेले दादा हे दोन्ही एकत्र गोठून राहिलेले असतात.

जतकर

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. पाटलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कुणी दिले नाही, म्हणून मी लिहितो.

पाटील हे वतन आहे, कूळ नव्हे. गावची पाटीलकी ज्या घराकडे होती ते घर पाटील झाले, मग ते मूळचे मोहिते असो, शिंदे असो, जाधव असो. दोन गावांचे पाटील एका कुळाचे असतीलच असे नाही, आणि मुख्य म्हणजे एकाच गावातले पाटील आणि शेजारच्या वाडीतले वेगळ्या आडनावाचे लोक मुळात एकच निघू शकतात. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, इनामदार यांचेही तसेच आहे. गावावरून पडलेली आडनावे तर आमच्याच भागातल्या संस्थानिकांची होती. जतचे डफळे डफळापूरवरून डफळे झाले, त्यांचे मूळ आडनाव चव्हाण. फलटणचे निंबाळकर निंबळकवरून निंबाळकर, मूळचे पवार. आडनाव बदलले तरी देवक आणि कुलदैवत सहसा बदलत नाही, म्हणूनच आपले वडीलधारे सोयरीक ठरवताना आडनावावर थांबत नाहीत, देवक विचारतात. तासगावकर, आपल्या मातोश्रींनी त्या मुलीला जे विचारले ते याच सवयीतून विचारले.

मूळ शोधायचे तर आमच्या भागात हेळवी येतात. माझ्या लहानपणी सुगी झाली की हेळवी बैल घेऊन दारात यायचे, अंगणात घोंगडे अंथरून बसायचे आणि आमच्या घराण्याची नावे पिढ्यान्‌पिढ्या म्हणून दाखवायचे. मूळ पुरुष कोणत्या गावाहून आला, कोणता भाऊ कुठे जाऊन राहिला, हे सगळे त्यांच्याकडे असे. नवीन जन्मलेल्यांची नावे त्यात भरली जात आणि त्यांना धान्य दिले जाई. आता त्यांच्याकडे वह्या आहेत. याशिवाय पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांनी स्वतः सांगितलेल्या नोंदी सापडतात. माहुलीताई, त्या वह्यांत कधीकधी बायकांची नावेही मिळतात, एकदा अवश्य पाहा.

फिलिपिन्समध्ये हे काम चर्चची बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि मृत्यूची दप्तरे करतात. 1849 च्या आधीच्या नोंदीत आजचे आडनाव शोधण्यात सहसा अर्थ नाही, कारण बहुतेकांचे तेव्हा ते नव्हतेच. तिथे नुसती बाप्तिस्म्याची नावे, आईबापांची नावे आणि धर्ममातापित्यांची, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीला उभे राहणाऱ्यांची, नावे जुळवत मागे जावे लागेल. पुष्कळ दप्तरे युद्धात आणि आगीत गेली आहेत, म्हणून आधी गावच्या चर्चमध्ये कोणत्या वर्षापासूनची पुस्तके शिल्लक आहेत हे विचारावे.

तासगावकर

आपणा सर्वांचा मी अंतःकरणापासून ऋणी आहे. हे सगळे मी मुलीकडून त्या मैत्रिणीला इंग्रजीत कळवले आणि माहुलीताईंच्या सांगण्याप्रमाणे आजीबद्दल विचारले. काल तिचे उत्तर आले. तिच्या वडिलांच्या आईचे माहेरचे आडनाव 'एस' ने सुरू होते आणि त्या पोलांगीहून ओआसला लग्न होऊन आल्या होत्या. अजिंक्यतारा सरांनी सांगितलेल्या वाटेवरचे हे पुढचेच गाव आहे. सुट्टीत घरी गेल्यावर ती आईबरोबर दोन्ही गावांच्या चर्चमध्ये जाऊन जुनी पुस्तके आहेत का ते विचारणार आहे.

जतकर, आपला प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिने लगेच थोरल्या चुलत्यांना फोन लावला. आमचे देवक कळंब असल्याचे त्यांनी सांगितले आणि पाटीलकी मिळण्याआधीचे आडनाव एका जुन्या दस्तात लिहिलेले आहे, असेही ते म्हणाले. तो दस्त त्यांच्या पेटीत आहे, पण तो मोडीत आहे आणि घरात आता मोडी वाचणारे कुणी उरले नाही. तासगाव, सांगली किंवा मिरज परिसरात मोडी वाचून देणारे कुणी आपल्या परिचयात असल्यास कृपया इथे कळवावे. कागद कडांना फाटला आहे, त्यामुळे तो टपालाने पाठवता येणार नाही. मी स्वतः घेऊन येईन.