कतार की जर्मनी: कोणत्या देशातले राहणीमान अधिक चांगले म्हणावे?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझा भाचा टर्नर ट्रेडमधून आयटीआय झाला असून गेली काही वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकाने नियंत्रित होणारे, लेथ यंत्र चालवतो. त्याच्यापुढे सध्या दोन वाटा आहेत. कतारच्या राजधानीत, दोह्यातील एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षांच्या करारावर ऑपरेटर म्हणून जायचे, किंवा जर्मन भाषा शिकून तिकडच्या आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे कारखान्यात पगारावर काम करत पूर्ण करायच्या प्रशिक्षणासाठी, प्रयत्न करायचा. आमच्या भागात आखाती देशांत राहून आलेली माणसे भेटतात. जर्मनीबद्दल मात्र जे कळते ते यूट्यूबवरूनच. गोव्यातल्या अनेकांना पोर्तुगीज पासपोर्टाच्या आधारे युरोप गाठता आला, तशी सोय घाटावरच्या आपल्या लोकांना नाही.

मी माझ्या परीने आकडे पाहिले आणि अधिकच गोंधळलो. खरेदीशक्तीनुसार कतारचे दरडोई उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलरच्या वर जाते, तर जर्मनीचे साठ-पासष्ट हजारांच्या घरात आहे. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात जर्मनी पाचव्या आणि कतार त्रेचाळिसाव्या क्रमांकावर आहे. जास्त उत्पन्नाचा देश इतका मागे कसा? आणि आमच्या मुलासारख्या कामगाराने यांतला कोणता आकडा खरा धरावा? पगार, राहण्याची जागा, औषधोपचार आणि पुढचे आयुष्य या दृष्टीने जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

जुना मास्तर (बेळगाव) यांचे उत्तर

मी अर्थशास्त्र शिकवत असे, त्यामुळे आकड्यांपुरते उत्तर देतो.

मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन गोष्टींवरून काढला जातो, आणि त्यात दरडोई उत्पन्न पंच्याहत्तर हजार डॉलरपर्यंतच धरले जाते. त्यापलीकडच्या डॉलरला गुण नाहीत. कतारचे लाखावरचे उत्पन्न अशा प्रकारे तिथेच कापले जाते. शिक्षणाच्या मोजणीत प्रौढ माणूस सरासरी किती वर्षे शाळेत गेला हे पाहतात. कतारमधील बहुसंख्य प्रौढ हे बिहार, केरळ, नेपाळ, बांगलादेश येथून आलेले कामगार असल्यामुळे ती सरासरी प्रत्यक्षात त्या त्या ठिकाणच्या शाळांची असते. आयुर्मान दोन्हीकडे ऐंशीच्या वर आहे. मात्र कतारमध्ये परदेशी कामगाराला वैद्यकीय तपासणी करूनच घेतात आणि तो म्हातारा किंवा दीर्घकाळ आजारी झाला की मायदेशी परततो. त्याचे म्हातारपण आणि मृत्यू दोन्ही दुसऱ्या देशाच्या खात्यात पडतात.

मूळ अडचण भागाकाराची, म्हणजे देशाचे उत्पन्न सगळ्या डोक्यांवर सारखे वाटून सरासरी काढण्याची आहे. सुमारे तीस लाख लोकसंख्येच्या त्या देशात कतारी नागरिक साधारण आठव्या हिश्शाइतकेच आहेत. बाकीचे कामासाठी आलेले परदेशी असून त्यांत आपल्या देशाचे लोक सर्वाधिक आहेत. एकूण लोकसंख्येत जवळपास तीन-चतुर्थांश पुरुष आहेत, यावरूनच हा समाज कुटुंबांचा कमी आणि करारांचा जास्त आहे हे लक्षात यावे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथला माणूस समुद्रातून मोती काढून पोट भरत असे. जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा बुडवला. १९६६ पर्यंत तिथे रुपया चलनात होता, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर थट्टा वाटते. पुढे १९७१ मध्ये समुद्राखाली नॉर्थ फील्डचा प्रचंड वायुसाठा सापडला, १९९६ च्या अखेरीस द्रवरूप वायूची निर्यात सुरू झाली, आणि हा पैसा सरकारमार्फत मुख्यतः नागरिकांच्या वाट्याला गेला.

जर्मनीची गोष्ट निराळी आहे. तिथे १८८३ मध्ये चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात कामगारांचा सक्तीचा आजारविमा आला आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचा. तेव्हापासून पगारातून कापायचे आणि अडचणीच्या वेळी परत द्यायचे, ही त्या राज्यव्यवस्थेची सवय झाली आहे. त्याशिवाय १९७२ पासून तिथे दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत आले आहेत. कतारला आपल्या मुलाचे हात कराराच्या मुदतीपुरते हवे आहेत, तर जर्मनीला म्हाताऱ्यांच्या निवृत्तिवेतनात भर घालणारा कायमचा माणूस हवा आहे. यात कोणाचे मन मोठे आणि कोणाचे छोटे, असा प्रश्नच नाही. दोघेही आपापली गरज पाहतात. आपण एवढेच पाहावे की ज्या दिवशी मुलाला काम करता येणार नाही, त्या दिवशी तो देश त्याला कोण समजतो.

तंबाखूपेठ (निपाणी) यांचे उत्तर

मास्तरांचे सगळे खरे आहे, पण ते बाहेरून पाहिलेले खरे आहे. मी दोह्यात नोकरी करून आलो आहे आणि तिथे मी राहायला गेलोच नव्हतो, कमवायला गेलो होतो. हा फरक जो समजून जातो त्याची फसगत होत नाही.

तिथे पगारावर प्राप्तिकर नाही. चांगला करार असेल तर खोली, कंपनीची बस आणि जेवण अथवा त्याचा भत्ता मिळतो, त्यामुळे हातात आलेल्या रकमेतला मोठा भाग घरी जातो. मार्च २०२१ पासून किमान मूळ वेतन महिन्याला १,००० रियाल आहे, आणि कंपनी जागा व जेवण देत नसेल तर ५०० आणि ३०० रियाल वेगळे द्यावे लागतात. अनुभवी सीएनसी ऑपरेटरने अर्थात याहून बरेच अधिक मागावे. पूर्वी नोकरी बदलण्यासाठी मालकाचे ना-हरकत पत्र लागे, ती अट २०२० मध्ये गेली. देश सोडायला मालकाची परवानगी लागत असे, तीही बहुतेकांसाठी २०१८ मध्ये आणि घरकामगारांसह उरलेल्यांसाठी २०२० मध्ये रद्द झाली. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते. वर्कशॉपला छप्पर असते म्हणून हा नियम मुलाला लागू होईलच असे नाही, आणि छपराखाली पंखा आहे की एसी, हे विचारायला आपली मुले लाजतात. लाजू नये.

वाईट बाजू लपवत नाही. खोली एकट्याची नसते. परदेशी कामगाराला युनियन काढता येत नाही. नियम कागदावर बदलले तरी पगार थकवणारे मालक संपलेले नाहीत. आणि कितीही वर्षे काढली तरी माणूस पाहुणाच राहतो: २०१८ च्या कायद्याने कायम वास्तव्याचा परवाना सुरू झाला खरा, पण बाहेर जन्मलेल्याला त्यासाठी वीस वर्षांचे वास्तव्य लागते आणि वर्षाला शंभरच परवाने देता येतात. तेव्हा त्या वाटेला न जाणेच बरे.

पण ज्याची चार एकर जमीन गावात आहे, ज्याला विहीर बांधायची आहे, बहिणीचे लग्न करायचे आहे आणि परत यायचेच आहे, त्याला कतारमधले नागरिकत्व कशाला हवे? युरोपात स्थायिक होणे म्हणजेच विकास, हे आपण सगळ्यांनी गृहीत का धरावे?

उद्यमबागकर (सध्या श्टुटगार्टजवळ) यांचे उत्तर

मीही उद्यमबागेतूनच इकडे जर्मनीत आलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निपाणीच्या काकांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त त्याची किंमत त्यांनी पूर्ण सांगितलेली नाही. उद्या मुलाच्या हाताला मशीनवर इजा झाली किंवा पाठीचा मणका सरकला, तर दोह्यातला करार फार तर काही काळ साथ देईल. इथे कामगार आजारी पडला की पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, त्यानंतर आरोग्य विमा निधी एकूण पगाराच्या सुमारे सत्तर टक्के देतो, आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत अठ्ठ्याहत्तर आठवड्यांपर्यंत ही सोय चालते. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर वर्षाला किमान वीस दिवसांची पगारी रजा कायद्यानेच मिळते. पाच वर्षे वर्गणी भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क तयार होतो, आणि मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे दोन्ही देशांतली वर्षे एकत्र धरता येतात. म्हातारपणी खानापूरला परतलो तरी पैसे तिकडे येऊ शकतात.

हे सगळे फुकट नाही. अविवाहित कामगाराच्या ठोक, म्हणजे कपातीआधीच्या, पगारातून कर आणि विमे मिळून साधारण पस्तीस ते चाळीस टक्के कापले जातात. पहिली पगारपावती पाहिल्यावर काहीतरी चूक झाली असावी असे प्रत्येकाला वाटते. त्यात घर मिळणे फार कठीण. तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत द्यावी लागते, आणि इथले निम्म्याहून अधिक लोक स्वतःच भाडेकरू असल्यामुळे एका खोलीसाठी रांग लागते. जर्मन वक्तशीरपणाच्या कथा ऐकून आलेल्यांनी रेल्वेच्या बाबतीत आशा सोडावी. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक उशिरा धावल्या. रविवारी दुकाने बंद असतात आणि हिवाळ्यात पाळी सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. ज्याला माणसांची सवय आहे त्याला हे जड जाते.

भाषेचे ओझे मात्र आपल्या सीमाभागातल्या मुलांना इतरांपेक्षा कमी वाटावे, असे माझे मत आहे. घरात मराठी, उताऱ्यावर आणि तालुका कचेरीत कन्नड, कारखान्यात हिंदी, ड्रॉइंगवर इंग्रजी, असे आपण लहानपणापासूनच जगतो. कचेरीची भाषा आपली नसली तरी काम अडू द्यायचे नाही, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही बी-वन या मध्यम पातळीपर्यंत (सुरुवातीची पातळी ए-वन) पोहोचायला नोकरी सांभाळून वर्ष सहज जाते.

आता प्रश्नकर्त्यांसाठी खास मुद्दा. आपल्या भाच्याने पुन्हा शिकाऊ होण्याआधी दुसरा दरवाजा तपासावा. आउसबिल्डुंग दोन ते साडेतीन वर्षांची असते आणि पहिल्या वर्षीचा पगार ठोक हजार-बाराशे युरोच्या आसपास असतो, त्यात पोट भरते पण घरी पाठवायला फारसे उरत नाही. मार्च २०२४ पासून इथल्या नियमांत एक बदल झाला आहे: मायदेशात सरकारमान्य असे किमान दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण आणि किमान दोन वर्षांचा अनुभव असलेल्या कामगाराला, पगार ठरावीक वार्षिक मर्यादेच्या वर असेल तर, आपले शिक्षण जर्मन शिक्षणाच्या बरोबरीचे असल्याची मान्यता मिळवण्याआधीही कामाचा व्हिसा मिळू शकतो. टर्नरचा आयटीआय दोन वर्षांचाच आहे. अट एवढीच की तसा पगार देणारा कारखाना सापडला पाहिजे, आणि भाषा नसेल तर तो सापडणे अवघड आहे.

नागरिकत्वाबद्दलही लिहितो. जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. जर्मनी आता दुसरे नागरिकत्व ठेवू देते, पण आपला देश ठेवू देत नाही. भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे ओळखपत्र) घेतले की गावातली शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. शेतीवर डोळा ठेवून परदेशी जाणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे.

दूधगंगा (चिकोडी तालुका) यांचे उत्तर

आतापर्यंतची सगळी चर्चा एकट्या पुरुषाची झाली. मुलाचे उद्या लग्न होईल, तेव्हा त्याची बायको कुठे राहणार हे कोणीच विचारले नाही. कतारमध्ये कुटुंब नेण्यासाठी पगाराची अट असते आणि साधा ऑपरेटर सहसा तिथपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे ती सासरी आणि तो कामगारांच्या कॅम्पवर, दोन वर्षांतून एकदा भेट. मुले नेता आली तरी तिथल्या भारतीय शाळांची फी आपणच भरायची. जर्मनीत कुशल कामगाराच्या बायकोला साधारणतः ए-वन पातळीची जर्मन भाषा लागते आणि तिथे गेल्यावर ती स्वतः नोकरी करू शकते. सरकारी शाळेला फी नाही आणि २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो मिळत होते. राहणीमानाची तुलना करताना गावात मागे राहिलेल्या बाईचे राहणीमान कोणत्या देशाच्या खात्यात धरायचे, हे मास्तरांनी सांगावे.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. दूधगंगाताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. भाच्याला सगळी चर्चा वाचायला दिली आहे. तो म्हणतो की जर्मन वर्ग लगेच लावतो, पण दोह्याचा करार हातचा सोडायचा नाही. दोह्यासाठी एजंट मोठी रक्कम मागतो आहे. ती योग्य आहे का?

तंबाखूपेठ (निपाणी)

नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. त्याहून अधिक मागत असेल तर तिथेच थांबा. मुलगा दहावी उत्तीर्ण असल्यामुळे त्याच्या पासपोर्टावर एमिग्रेशनच्या, म्हणजे कामासाठी देश सोडण्याच्या, सरकारी मंजुरीची अट नसेल, म्हणजे सरकार त्याचा करार तपासणार नाही आणि ते काम तुम्हालाच करावे लागेल. कतारच्या व्हिसा केंद्रात सही करण्यापूर्वी करारातला मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे वाचा. काही मालक मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त लिहितात, आणि नोकरी सोडताना मिळणारी वर्षाला किमान तीन आठवड्यांची ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मोजली जाते.