आई-बाबांसाठी खाली खोली हवीय: जुनी कन्झर्वेटरी नीट करावी की पाडून एक्स्टेन्शन?

हॅरोकर

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा लांबलचक आहे पण डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय. आमचं घर लंडनच्या हॅरोमधलं १९३० च्या दशकातलं सेमी (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं), मागे आधीच्या मालकाने १९९८ मध्ये बांधलेली कन्झर्वेटरी आहे. खाली गुडघाभर विटांची भिंत, वर यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) चौकटीतल्या काचा, छप्पर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यांचं. घरापासून ३.६ मीटर बाहेर आलीय, रुंदी ३.३. जुलैत आत बसवत नाही, जानेवारीत पाय ठेववत नाही, आणि पाऊस लागला की आतून फोनवर बोलता येत नाही. सध्या सायकली, बॅगा आणि तांदळाची पोती तिथे.

एप्रिलमध्ये आई-बाबा नाशिकहून येतायत, व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे सहा महिने. आईचे गुडघे पार गेलेत, जिना चढणं तिला जमणारच नाही, त्यामुळे खाली झोपायची खोली हवीच आहे आणि पुढेही ते येत राहणार.

बिल्डरांचे दोन कोट (खर्चाचे अंदाज) आलेत. एक जण म्हणतो पॉलिकार्बोनेट काढून इन्सुलेशनवालं टाइल्सचं छप्पर टाकतो, काही दिवसांत काम होतं, १४ हजार पौंड, आणि बिल्डिंग कंट्रोलची (बांधकाम नियमांप्रमाणे आहे का याच्या तपासणीची) भानगड नाही. दुसरा म्हणतो सगळं पाडा, नवीन बांधू, ४५ हजार पौंडांच्या पुढे. आम्हाला मधला पॅटिओ डोअर काढून मागची खोली आणि ही एक करायचीय आणि बॉयलरवरून एक रेडिएटर ओढायचाय. छपरावर भागेल का?

क्रॉयडनकर

दादा, माझं रोजचं काम स्ट्रक्चरल कॅल्क्युलेशनचंच आहे म्हणून सविस्तर लिहितो. आधी त्या "बिल्डिंग कंट्रोल नको" वाल्याबद्दल. इंग्लंडमध्ये कन्झर्वेटरीला बिल्डिंग रेग्युलेशन्समधून सूट मिळते ती काही अटींवर: ३० चौरस मीटरच्या आत, तळमजल्यावर, घर आणि तिच्यामध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत किंवा दार कायम, आणि हीटिंग घराच्या सिस्टिमपासून वेगळं. तू पॅटिओ डोअर काढणार आणि बॉयलरचा रेडिएटर नेणार, म्हणजे दोन्ही अटी तिथेच मोडल्या. शिवाय पारदर्शक छप्पर काढून भरीव टाकलं की ती मुळात कन्झर्वेटरी उरतच नाही, त्यासाठी बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज लागतो. जो माणूस कोट देताना हे लपवतो त्याला काम देऊ नकोस. घर विकताना घेणाऱ्याचा सॉलिसिटर पहिलं कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला, मागतो.

आता खरा मुद्दा. छपराचा विचार सगळे करतात, पायाचा कोणी करत नाही. हॅरो म्हणजे लंडन क्ले, ही चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि हिवाळ्यात फुगते. घराच्या नवीन भिंतीला या मातीत निदान मीटरभर खोल पाया लागतो, झाड जवळ असेल तर आणखी. कन्झर्वेटरी हलकी, नियमातून सुटलेली, कोणी तपासायला येणार नाही, म्हणून त्या काळात कित्येक ठिकाणी फूट-दीड फुटावर काँक्रीट ओतून मोकळे झालेत. तुझी कन्झर्वेटरी घराला जिथे टेकते तिथला सीलंट नीट बघ. कोरड्या उन्हाळ्यात फट उघडते, हिवाळ्यात मिटते, असं होत असेल तर ती घरापेक्षा वेगळी हलतेय. २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर मी असल्या फटी खूप पाहिल्या. त्यावर कौलांचं वजन चढवायचं म्हणजे आधीच डुगडुगणाऱ्या स्टुलावर पिंप ठेवण्यासारखं आहे.

छप्पर "लाइटवेट" असलं तरी पॉलिकार्बोनेटपेक्षा जडच, आणि ते वजन यूपीव्हीसीच्या फ्रेममधून खाली जाणार. कोपऱ्यातल्या खांबात ॲल्युमिनियम किंवा स्टील आहे की नुसतं प्लॅस्टिक पोकळ आहे हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून कोणालाही पैसे देण्याआधी त्या विटांच्या भिंतीलगत एक खड्डा खण, इथे ट्रायल पिट म्हणतात, पायाच्या तळापर्यंत, आणि टेप लावून फोटो काढ. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि तुझा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मिल्टन_कीन्सची_ताई

यात एक भर घालते, कारण तुला तिसरा स्वस्त पर्यायही कोणीतरी सुचवणारच. पॉलिकार्बोनेट तसंच ठेवून आतून फळ्या, इन्सुलेशन आणि प्लास्टरबोर्ड मारून देतात. आम्ही घेतलेल्या घरात आधीच्या मालकांनी नेमकं तेच केलं होतं. दिसायला सुंदर, पांढरं छत, दिवे वगैरे. पहिल्याच हिवाळ्यात छताच्या कडेने पिवळे डाग, मग काळी बुरशी. उघडल्यावर कळलं की आतली दमट हवा फटींतून वर जाऊन थंड पॉलिकार्बोनेटच्या खाली पाणी होऊन साचत होती, हवा खेळायला जागाच ठेवलेली नव्हती, लाकूड ओलं चिंब. आणि आपल्या घरात रोज कुकरच्या शिट्ट्या, भात, वरण, कपडेही आतच वाळत घालायचे, म्हणजे बाष्प जास्तच. वडीलधारी माणसं त्या खोलीत झोपणार असतील तर कृपा करून त्या वाटेला जाऊ नकोस, बाबांना दमा वगैरे असेल तर अजिबातच नाही.

लेस्टरवाला

आम्ही भरीव छप्पर केलंय आणि आम्ही खूश आहोत, तेही सांगायला हवं. पण आमचा पाया चांगला निघाला, इंजिनिअरने बघून दिला, बिल्डिंग कंट्रोलचं सर्टिफिकेट हातात आहे, आणि मधलं दार आम्ही ठेवलंय. उन्हाळ्यातला भट्टीपणा गेला, पावसाचा आवाज गेला. बायको आधी मे-जूनमध्ये तिथे पोह्याचे पापड आणि कुरडया वाळवायची, ते तेवढं बंद झालं, त्याची तिला हळहळ आहे.

पण हॅरोकर, आमची ती बसायची खोली आहे, झोपायची नाही. छपराने वरून जाणारी उष्णता थांबते, पण फरशी तीच जुनी, खाली इन्सुलेशन नाही, तीन बाजूंना जुन्या काचा. जानेवारीत रात्री दोन वाजता तिथे म्हाताऱ्या माणसाला झोपवायची माझी हिंमत होणार नाही. आणि आईंना खाली आणताय तर खाली टॉयलेट आहे का? ते नसेल तर खोली करून काय उपयोग, रात्री जिना चढावा लागणारच.

हॅरोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉयलेटचा मुद्दा एकदम बरोबर, खाली नाहीये, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. सीलंटची फट आहे, मी दरवर्षी भरतो. म्हणजे पाडूनच बांधावं असं मन होतंय. मग आणखी दोन शंका. ३.६ मीटरला काउन्सिलची प्लॅनिंग परवानगी लागेल का, आणि कन्झर्वेटरीच्या फरशीत मध्येच एक मॅनहोलचं झाकण आहे, त्याचं काय? शेजारी गुजराती काका-काकू आहेत, संबंध चांगले आहेत.

क्रॉयडनकर

दरवर्षी भरतोस म्हणजे उत्तर मिळालंच, तरी पिट खणच, इंजिनिअरला लागेल.

प्लॅनिंग: सेमीला परवानगीशिवाय मागे ३ मीटरपर्यंत एकमजली बांधता येतं. जुनी कन्झर्वेटरी ३.६ ची आहे कारण २००८ पर्यंत हिशेब घनफळावर होता, आता तो भिंतीपासूनच्या अंतरावर आहे, आणि पाडून नवीन बांधलंस की आजचा नियम लागणार. ३ ते ६ मीटरसाठी प्रायर अप्रूव्हल (आधी घ्यायची मंजुरी) असतं, काउन्सिल शेजाऱ्यांना कळवते, ४२ दिवसांची मुदत असते आणि तोवर काम सुरू करायचं नाही. हद्दीपासून २ मीटरच्या आत असशील तर वळचणीची उंची ३ मीटरच्या वर नको. कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायला राखलेल्या भागात) नाहीस ना, तेवढं बघून घे.

मॅनहोल मात्र हलक्यात घेऊ नकोस. त्या काळातल्या सेम्यांमध्ये दोन-तीन घरांची मिळून सांडपाण्याची एकच लाइन मागून जाते, आणि १ ऑक्टोबर २०११ पासून अशा सामायिक लाइन्स पाण्याच्या कंपनीकडे गेल्या आहेत. त्या लाइनच्या तीन मीटरच्या आत खणायचं तर त्यांची बिल्ड ओव्हर (लाइनवर किंवा जवळ बांधायची) परवानगी हवी, आणि नव्या खोलीच्या आत सहसा मॅनहोल ठेवू देत नाहीत, बाहेर हलवावं लागतं. हा खर्च त्या ४५ हजारांत धरलाय का ते बिल्डरला लेखी विचार, व्हॅट धरून. फायदा एकच, लाइन इतकी जवळ असल्यामुळे त्याच खोलीच्या कोपऱ्यात छोटी वेटरूम (टॉयलेट आणि शॉवरची खोली) काढणं सोपं जाईल. खोली थोडी लहान झाली तरी चालेल, पण ती कर. दाराला उंबरा ठेवू नकोस, वॉकर सरळ आत जायला हवा.

काका-काकूंना पार्टी वॉलची (शेजाऱ्याच्या भिंती-पायाजवळच्या कामाच्या कायद्याची) नोटीस द्यावी लागेल, कारण त्यांच्या घराच्या ३ मीटरच्या आत आणि त्यांच्या पायापेक्षा खोल खणणार. महिनाभर आधी. कागद टाकण्याआधी घरी जाऊन चहा घेऊन नकाशा दाखव, लेखी संमती दिली तर सर्व्हेअरचा खर्च वाचतो.

खिडक्यांबद्दल: एक्स्टेन्शनला काचेचं क्षेत्र साधारण फरशीच्या २५ टक्के, अधिक जी जुनी खिडकी-दारं आत झाकली जाणार त्यांचं, एवढं धरतात. मधल्या खोलीत अंधार होईल, म्हणून एक तरी छतातली खिडकी घे.

आणि एप्रिल विसर. ४२ दिवस, नोटीस, पाण्याची कंपनी, मग हिवाळ्यात क्लेमध्ये खणणं, घाईत कोणीतरी काहीतरी सोडणार. या खेपेला पुढच्या बैठकीच्या खोलीत पलंग टाक, रात्रीसाठी कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, आणि काम त्यांच्या पुढच्या खेपेसाठी कर. पिटचे फोटो टेपसकट इथे टाक, बघून सांगतो.